दगड जपणारा मुलूख

गेंटला उतरलं की शहराआधी सायकली दिसतात. सिंट-पीटर्स स्टेशनापाशी त्यांचा हजारोंनी तळ पडलेला असतो. काळ्या, जड, पुढे टोपली, मागे पोराला बसायची खुर्ची, चेनला गंजाचा तांबूस रंग. त्यातली कुठली महाग आणि कुठली स्वस्त हे पटकन ओळखू येत नाही, आणि ओळखायची कुणाला गरजही वाटत नाही. माझं लहानपण पुण्यातलं. सायकलींचं शहर ही पुण्याची ओळख विरत चालली होती तेव्हाचं. आई सायकलवर नोकरीला जायची. पुढे घरोघरी स्कूटर आली, आणि सायकल चालवणाऱ्याची परिस्थिती बेताचीच असणार असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलं. गेंटमध्ये सकाळच्या वेळी कालव्यावरच्या पुलाशी उभं राहिलं तर कोटातले वकील, पाव पोचवणारा पोरगा, सत्तरीच्या बाई, कॉलेजच्या मुली असे सगळे एका रांगेत पेडल मारत जाताना दिसतात. घंटीखेरीज कुणाचा आवाज नाही.

हीच मितभाषी, शिस्तीची माणसं एप्रिलच्या पहिल्या रविवारी भान विसरतात. त्या दिवशी ‘रोंड’ असते, फ्लँडर्सची सायकल शर्यत. मी २०२५ची रोंड आणि तिच्या पाठोपाठच्या रविवारची पॅरिस-रुबे बघायला इकडे आले होते. फ्रान्सची तीन आठवड्यांची शर्यत आपल्याकडेही बऱ्याच जणांना ऐकून ठाऊक असते. या शर्यती मात्र एका दिवसाच्या. आज पडलात, पंक्चर झालात, भूक लागून पाय गळाले, तर उद्या भरपाईची सोय नाही. अशा पाच जुन्या शर्यतींना सायकलजगत ‘स्मारकं’ म्हणतं: मिलान-सान रेमो, फ्लँडर्स, पॅरिस-रुबे, लिएज-बास्तोन-लिएज आणि लोंबार्डी. त्यातली लिएजची १८९२पासूनची, सगळ्यांत म्हातारी. मला ओढ होती ती फ्लँडर्सची आणि रुबेची, कारण या दोन शर्यती माणसांपेक्षाही रस्त्यांच्या आहेत. तो रस्ता म्हणजे डोंगरी पाथरवटाने घाईघाईत रचल्यासारखे ओबडधोबड दगड, पावसात साबणासारखे निसरडे, उन्हात धुळीने माखलेले.

गेंटमध्ये ज्यांच्या घरी उतरले होते त्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. न्याहारीची वेळ ठरलेली. पाव, लोणी, चीज, उकडलेलं अंडं, आणि टेबलावर त्या दिवसाचं वर्तमानपत्र. आपल्याकडे पाहुण्याला दुसरी पोळी वाढल्याशिवाय यजमानाला चैन पडत नाही. या बाई एकदा विचारत, मी नको म्हटलं की विषय संपला. पहिल्या दिवशी ते कोरडं वाटलं. मग लक्षात आलं की समोरच्याचा ‘नको’ खरा मानणं हाही आदराचाच एक प्रकार आहे. रोंडचा विषय काढला तेव्हा मात्र त्यांचा चहा गार झाला. त्यांनी कपाटातून वर्तमानपत्रांतली जुनी कात्रणं काढली आणि मला कारेल व्हान वेयनेनडालेची गोष्ट सांगायला बसल्या.

हा माणूस १८८२ साली एका गरीब घरात जन्मला. वडील जवसाच्या धाग्याच्या कामावर. मूल दीड वर्षाचं असतानाच ते गेले. घरात पंधरा भावंडं. वाढत्या वयात त्याने ब्रुसेल्स आणि ऑस्टेंडच्या फ्रेंच बोलणाऱ्या श्रीमंतांच्या घरी नोकरी केली आणि तिथला अपमान जन्मभर लक्षात ठेवला. बेल्जियममध्ये तेव्हा कोर्ट, कचेरी, सैन्यातले अधिकारी, उच्च शिक्षण, बहुतेक फ्रेंचमध्ये चालायचं. फ्लेमिश ही शेतमजुरांची, मोलकरणींची बोली. गेंटच्या विद्यापीठात पूर्णपणे लोकांच्या भाषेत शिकवायला १९३० साल उजाडावं लागलं. बाई म्हणाल्या, ‘माझी आजी डाकघरात गेली की आवाज खाली करायची.’ व्हान वेयनेनडालेने आधी स्वतः शर्यतींत नशीब अजमावलं, मग लेखणी धरली. १९१२ साली निघालेल्या ‘स्पोर्टवेरेल्ड’ या पत्रात तो याच बोलीत, याच माणसांसाठी लिहू लागला, आणि पुढच्या वर्षी त्या पत्राने फ्लँडर्सच्या गावांना वळसा घालणारी शर्यत भरवली. २५ मे १९१३ रोजी गेंटहून ३७ जण निघाले. सव्वातीनशे किलोमीटरांच्या आसपासचा पल्ला, जवळजवळ सगळा वाईट रस्ता. पॉल डेमान जिंकला.

वर्तमानपत्राने लोकांना ताठ उभं राहायला शिकवावं ही गोष्ट मराठी माणसाला नवी नाही. पण त्यासाठी सायकलची शर्यत भरवावी, आणि तिचा मार्ग आखताना प्रत्येक वाडीवस्तीला वाटावं की ही आपल्या दारातून जाते, हे मला फार मोठं वाटलं. अग्रलेख वाचायला अक्षरओळख लागते. शर्यत बघायला फक्त दारात उभं राहावं लागतं.

औदेनार्देला जाणारी गाडी सपाट रानातून जाते. वाफे आखल्यासारखी शेतं, कडेला छाटलेले विलो, विटांची ठेंगणी घरं. मग दक्षिणेला जमीन किंचित उचलली जाते. इथले लोक या टेकड्यांना ‘फ्लेमिश आर्देन’ म्हणतात आणि त्यांविषयी आपण सह्याद्रीविषयी बोलावं तशा अभिमानाने बोलतात. खंडाळ्याचा घाट चढलेल्या कुणालाही या टेकड्या चिमुकल्या वाटतील. ज्या क्वारेमोंटवर शर्यतीचं पारडं फिरतं त्याचा माथा समुद्रसपाटीपासून शंभर-सव्वाशे मीटरच. पण हे चढ अरुंद, अचानक आणि दगडी आहेत, आणि एकामागून एक येतात. पाय मोकळे करायला वेळच मिळत नाही.

औदेनार्देच्या चौकात देखण्या नगरभवनापासून थोड्या अंतरावर रोंडचं संग्रहालय आहे. घामाने कडक झालेल्या लोकरी जर्सी, खांद्यावर गुंडाळून नेण्याच्या जुन्या ट्यूबा, चिखलाने ओळखू न येणाऱ्या चेहऱ्यांचे फोटो. दोनदा जगज्जेता झालेला फ्रेडी मार्टेन्स या संग्रहालयात बरीच वर्षं नोकरीला होता, येणाऱ्यांना माहिती द्यायचा. रोंड त्याला कधीच जिंकता आली नाही. त्याच्या काळात शाळकरी असलेला एक गृहस्थ तिथे भेटला. तो म्हणाला, ‘वडिलांनी ज्याला बघायला मला खांद्यावर घेतलं होतं, त्यानेच मला तिकीट दाखवायला सांगितलं.’ जगज्जेत्याने पुढच्या आयुष्यात साधी नोकरी करावी यात त्या गृहस्थाला काही कमीपणा वाटत नव्हता.

एका दालनात मी जास्त रेंगाळले. दुसऱ्या महायुद्धात हा प्रदेश जर्मनांच्या ताब्यात असतानाही रोंड होत राहिली. युद्ध संपल्यावर प्रश्न उठले. व्हान वेयनेनडालेवर पत्रकारितेची बंदी आली. पाडल्या गेलेल्या विमानांतल्या ब्रिटिश वैमानिकांना त्याने घरात लपवलं होतं, तसं सांगणारं जनरल माँटगोमेरींचं पत्र त्याने पुढे केलं आणि बंदी उठली. पण ‘हेट फोल्क’ या दुसऱ्या पत्राने त्याच रागातून १९४५ साली आपली वेगळी शर्यत काढली. ती आजही फेब्रुवारीच्या शेवटी होते. लोकांच्या अभिमानाच्या गोष्टीला असा डाग लागतो तेव्हा तो पुसायचा मोह होतो. इथे तो पुसलेला नाही, याचं मला बरं वाटलं.

शनिवारी हौशी सायकलवाल्यांचा दिवस. हजारो माणसं, सगळ्या वयांची, रविवारच्याच चढांवर स्वतःला आजमावायला येतात. मीही भाड्याची सायकल घेऊन पाटरबर्गच्या पायथ्याशी गेले. या चढाची कथा तिकडे लहान पोरंही सांगतात. १९८०च्या दशकात शेजारच्या क्वारेमोंटवरून शर्यत जाते आणि आपल्या दारातून नाही, याची एका शेतकऱ्याला रुखरुख लागली. त्याने आपल्या घराशेजारच्या पायवाटेवर दगड बसवून घेतले, आणि १९८६पासून रोंड तिथून जायला लागली. लांबी जेमतेम ३६० मीटर. सुरुवातीला काटकोनात वळण, की आलेला वेग तिथेच मरतो. मग समोर भिंत. सर्वांत उभ्या जागी वीस टक्क्यांचा चढ. बसून चालवलं तर पुढचं चाक उचलतं, उभं राहिलं तर मागचं सुटतं. अर्ध्यावर माझ्यापुढची रांग थांबली, तशी मीही उतरून सायकल ढकलू लागले. कुंपणाशी बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. चालणाऱ्यांनाही त्या चढणाऱ्यांइतक्याच जोराने टाळ्या देत होत्या.

आपल्याकडे रस्ता खराब असणं ही तक्रार असते, आणि ती रास्तच आहे. आपल्या खड्ड्यांत माणसं मरतात. इथे गोष्ट वेगळी. सगळीकडे गुळगुळीत डांबर झाल्यावर उरलेले थोडे दगडी रस्ते सरकारने १९९०च्या दशकात संरक्षित वारसा म्हणून जाहीर केले. जुन्या देवळाच्या डागडुजीची असते तशीच कडक नियमावली या रस्त्यांना लागू आहे. कोपेनबर्ग नावाचा एक चढ मधली काही वर्षं शर्यतीतून काढून टाकला होता. १९८७ साली तिथे येस्पर स्किबी हा डेन्मार्कचा खेळाडू एकटा पुढे असताना तोल जाऊन पडला आणि मागून आलेली अधिकाऱ्यांची मोटार त्याच्या सायकलवरून गेली. पंधरा वर्षांनी दगड नव्याने बसवून तो चढ पुन्हा शर्यतीत घेतला.

रविवारी पहाटेपासूनच क्वारेमोंटचं गाव भरून गेलं. गाव म्हणजे एक चर्च, चार गल्ल्या, बिअरच्या दोन-तीन खानावळी. शेतकऱ्यांनी गाड्या लावायला कुरणं मोकळी केलेली. पिवळ्या झेंड्यांवरचे काळे सिंह वाऱ्यावर फडफडत होते. आदल्या दिवसापर्यंत आगगाडीत शेजारच्याशी नजरही न मिळवणारी माणसं इथे अनोळखी माणसाच्या हातात थर्मासमधलं गरम सूप ठेवत होती. बटाट्याच्या कापांच्या गाडीशी लांब रांग. बटाटे दोनदा तळतात: आधी कमी आचेवर शिजेपर्यंत, मग कडक तेलात कुरकुरीत होईपर्यंत. पूर्वी सर्रास गोमांसाच्या चरबीत तळायचे, अजूनही बरेच जण तळतात, म्हणून मी आधी विचारून घेतलं. विकणाऱ्या बाईंनी प्रश्न संपायच्या आत दुसऱ्या कढईकडे बोट केलं. कागदाच्या सुरळीत काप, वर पांढऱ्या मेयोनीजचा गोळा, लाकडी काटा.

जागा धरून बसलेल्या एका कुटुंबाने मला आत सरकवून घेतलं. आजोबा, मुलगी, नात. आजोबांच्या मांडीवर वर्तमानपत्रातली खेळाडूंची यादी, नंबरांसकट. पेन्सिलीने केलेल्या खुणा. त्यांनी एडी मर्क्सला १९६९ साली पाहिलेलं. त्या वर्षी पाऊस आणि वाऱ्यात मर्क्स सत्तर किलोमीटर एकटा निघून गेला होता. आजोबा ते सांगताना हाताने वाऱ्याची दिशा दाखवत होते. मला लोणावळ्याच्या रस्त्याकडेला वडिलांसोबत पाहिलेली मुंबई-पुणे सायकल शर्यत आठवली. घाटात पहिला येईल तो ‘घाटांचा राजा’. तेव्हा आमच्याही हातात पाण्याची बाटली असायची आणि कुणाला द्यायची हे ठरलेलं नसायचं. मी हे सांगितलं तर आजोबांनी पहिला प्रश्न केला, ‘तुमचा घाट किती लांब?’ बोरघाटाचं वर्णन ऐकून त्यांनी यादी बाजूला ठेवली आणि मान डोलावली.

आधी हेलिकॉप्टर ऐकू येतं. मग मोटारसायकली, मग गावाच्या खालच्या टोकाकडून वर सरकत येणारा आरडाओरडा. आणि मग ते येतात. दगडांवर चाकं आपटण्याचा खडखडाट टीव्हीवर कधीच नीट पोचत नाही. तो छातीत घुसतो. पहिल्या फेरीला अख्खा घोळका, पाऊण मिनिटात गेलासुद्धा. आजोबांनी तेवढ्यात सहा नंबरांवर खुणा केल्या. पुरुषांची शर्यत क्वारेमोंटवरून तीनदा जाते. तिसऱ्या खेपेला, जेमतेम वीस किलोमीटर उरलेले असताना, स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार आमच्यासमोरून एकटा गेला. मागे काही अंतरावर मॅथ्यू व्हॅन डर पूल, मॅड्स पेडरसन, वाऊट व्हान आर्ट. व्हान आर्ट त्यांच्या घरचा मुलगा. पण आजोबा पोगाचारसाठी उभे राहून टाळ्या वाजवत होते. आपल्या माणसाला हरवणाऱ्याला अशी खुली दाद मी आमच्याकडच्या मैदानांवर क्वचितच पाहिली आहे.

त्याच दिवशी स्त्रियांची शर्यतही झाली आणि लोटे कोपेकीने ती तिसऱ्यांदा जिंकली. हे याआधी कुठल्याच बाईला जमलं नव्हतं. नात खांबावर चढून तिचं नाव ओरडत होती. स्त्रियांची रोंड सुरू झाली २००४ साली. म्हणजे आजोबांच्या मुलीला लहानपणी असं ओरडायला कुणी नव्हतं. हे ती स्वतःच मला म्हणाली.

एक गोष्ट खटकली. चढाच्या मोक्याच्या जागी पांढरे मोठे तंबू, आत गालिचे, वाइन, ज्यांना परवडेल त्यांच्यासाठी. २०१२ साली शर्यतीचा शेवट औदेनार्देला हलवला आणि याच दोन-तीन चढांभोवती फेऱ्या आखल्या, त्यात या तंबूंचा हिशेबही होता असं इथे उघड बोललं जातं. दारातून जाणारी गोष्ट आवारात कोंडली की तिचा जीव कमी होतो, असं माझं मत आहे.

त्या बदलात ज्या गावाचं मन दुखावलं ते गेरार्ड्सबर्गन. मी तिथे मुद्दाम गेले. जुन्या शेवटच्या टप्प्यात इथली ‘मूर’, म्हणजे भिंतच, शर्यत ठरवायची. बाजारातून गल्ल्या वर चढतात, मग झाडीतून दगडी वाट अंगावर येते, आणि माथ्यावर मेरीमातेचं घुमटाचं प्रार्थनामंदिर. २०१०च्या रोंडमध्ये फाबियान कॅन्सेलारा इथेच टॉम बोनेनला बसल्या जागेवरून मागे टाकून गेला होता. मार्ग बदलल्यावर गावकऱ्यांनी निषेध म्हणून मूरची अंत्ययात्रा काढली. आता ‘हेट फोल्क’ने सुरू केलेली ती फेब्रुवारीतली शर्यत इथून जाते, आणि गावाने तिला मनापासून आपलंसं केलंय. बेकरीत मी माटेनटार्ट खाल्ली: दूध आणि ताक एकत्र तापवून फाडलेला चोथा, अंडी, साखर, बदाम, बाहेर पापुद्र्यांचं आवरण. खाताना खरवसाची आठवण येते, फक्त गोडी कमी. हे नाव फक्त इथल्याच परिसरात, इथल्याच दुधाच्या टार्टला लावता येतं. दुकानदारीणबाईंनी शर्यतीबद्दल एवढंच म्हटलं: ‘परत येईल. दगड कुठे जात नाहीत.’

फ्रान्सच्या हद्दीत शिरताना सरहद्द जाणवत नाही. पाट्यांची भाषा तेवढी बदलते. रुबेला जाण्याआधी मी न्यूव्ह-शापेलला थांबले. तिथे चौरस्त्यावर पहिल्या महायुद्धातल्या भारतीय सैनिकांचं गोल भिंतीचं स्मारक आहे. आत हिरवळ, कमळाच्या शिरोभागाचा उंच खांब, दोन्ही बाजूंना दगडी वाघ, आणि भिंतीवर ४,७०० हून अधिक नावं. ज्यांची थडगी सापडली नाहीत त्यांची. ऑक्टोबर १९१४मध्ये हे खेडं परत घेण्याच्या हल्ल्यात खडकीच्या सॅपर्सच्या दोन कंपन्या शिखांच्या पलटणीबरोबर पुढे गेल्या होत्या. खंदक खणणं, पूल बांधणं हे ज्यांचं काम, त्यांना संगिनी घेऊन घराघरांतून लढावं लागलं. मी खडकीच्या बाजारातून शेकडो वेळा सायकल नेली आहे. तिथून निघालेली माणसं या ओल्या, सपाट मातीत मिसळली आहेत हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. मी भिंतीलगत चालत नावं वाचत गेले.

सायकलच्या शर्यतींचा आणि या मातीचा संबंध इथे कळतो. १९१३ची पॅरिस-रुबे जिंकणारा फ्रांस्वा फाबेर ९ मे १९१५ रोजी कारांसीपाशी मारला गेला. त्याच दिवशी उत्तरेला थोड्याच अंतरावर भारतीय पलटणी याच न्यूव्ह-शापेलसमोरच्या उंचवट्यावर चाल करून जात होत्या. तीनदा रुबे जिंकलेला ऑक्ताव लापीझ १९१७ साली वैमानिक म्हणून पडला. पहिल्या रोंडचा विजेता पॉल डेमान सायकलवरून गुप्त टपाल नेताना जर्मनांच्या हाती लागला. युद्ध थांबलं म्हणून वाचला, आणि १९२० साली रुबे जिंकला. युद्धानंतर १९१९मध्ये शर्यत पुन्हा भरवायची म्हणून आयोजक आणि पत्रकार मार्ग बघायला आले. झाडांचे नुसते खुंट, खड्डे, मेलेल्या गुरांचा वास. त्यांनी लिहिलं, हा उत्तरेचा नरक आहे. ते नाव शर्यतीला चिकटलं. आता लोक ते दगडांच्या त्रासासाठी वापरतात.

आरेनबर्गला जंगलातून सरळ रेषेत जाणारा अडीच किलोमीटरला थोडा कमी असा दगडी रस्ता आहे. तोंडाशीच बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीचे लोखंडी मनोरे. खाणकामगारांच्या बिऱ्हाडांच्या विटांच्या रांगा, प्रत्येकामागे भाजीचा तुकडा. पोलंडहून आलेल्या कुटुंबातला ज्याँ स्ताब्लिंस्की पोरवयात या खाणीत उतरला होता; पुढे १९६२ साली तो जगज्जेता झाला. साठीच्या दशकात दगडी रस्त्यांवर झपाट्याने डांबर पडत होतं. टीव्हीवर आपल्या गावचे दगड दिसले की जग आपल्याला मागासलेलं समजेल, अशी तिथल्या महापौरांना लाज वाटायची. शर्यतवाले दगड शोधत हिंडू लागले तेव्हा स्ताब्लिंस्कीने या रस्त्याचं नाव सुचवलं आणि १९६८ साली शर्यत इथून गेली. आपण ज्या जमिनीच्या पोटात राबलो तिच्याच पाठीवरून तो त्या दिवशी शर्यतीत धावला.

इथे माझ्या मनात या सगळ्या प्रवासाची गाठ बसली. फ्लेमिश बोलीची लाज, दगडांची लाज, काळ्या हातांची लाज. ज्या ज्या गोष्टीसाठी या लोकांना खाली बघायला लावलं, तीच त्यांनी वर्षातून एकदा साऱ्या जगापुढे मांडली आणि जगातले सर्वांत वेगवान पाय तिच्यापुढे हतबल झालेले पाहिले. आता त्याच गावांचे महापौर आमच्याही गावचा दगडी तुकडा घ्या म्हणून मागे लागतात.

जंगलाच्या कडेला एक निवृत्त इलेक्ट्रिशियन भेटला. १९८०च्या दशकापासून काम करणारी ‘पॅरिस-रुबेचे मित्र’ ही संघटना आहे, तो तिचा स्वयंसेवक. हे लोक उखडलेले दगड पुन्हा बसवतात, वाहून गेलेली माती भरतात, चोरीला गेलेल्या दगडांची जागा शोधतात. आसपासच्या उद्यानविद्येच्या शाळेतली मुलं शिक्षणाचा भाग म्हणून त्यांच्यासोबत दगड लावायला शिकतात. अलीकडे शर्यतीआधी फटींतलं गवत खायला इथे शेळ्याही सोडतात, म्हणजे निसरडं कमी होतं. त्याने मला दगडाच्या माथ्याची गोलाई हात फिरवून दाखवली आणि चालवायचं कसं ते सांगितलं: टायर रुंद, हवा कमी, गिअर जड, हँडल सैल धरायचं, आणि रस्त्याचा मधला उंचवटा सोडायचा नाही. हँडल आवळून धरलं तर हात संपतात.

रुबे शहर एके काळी धुराड्यांचं शहर होतं. लोकर आणि कापडाच्या गिरण्या. तेओदोर व्हिएन आणि मोरिस पेरेझ या दोन गिरणीमालकांनी आधी वेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतींचं मैदान, बांधलं आणि मग त्याच्याकडे लोक यावेत म्हणून पॅरिसहून शर्यत काढली. १८९६ साली पहिली झाली. योसेफ फिशर नावाचा जर्मन जिंकला. गिरण्या गेल्या, शर्यत राहिली. रुबे आज फ्रान्समधल्या गरीब शहरांत मोजतात. बंद गिरण्यांच्या लांबलचक भिंती, त्यांत काढलेली नवी घरं, काही खिडक्यांना अजून विटा लावलेल्या. लालबाग-परळचं गिरणगाव पाहिलेल्या माणसाला वाट विचारायला लागत नाही. फरक एवढाच की परळला टॉवर उभे राहिले. इथे जुन्या पोहण्याच्या तलावाचं संग्रहालय झालंय, आणि उत्तर आफ्रिकेहून आलेल्या कामगारांच्या नातवंडांची पुदिन्याच्या चहाची दुकानं वेलोड्रोमच्या वाटेवर आहेत. त्यातल्या एकाने शर्यतीच्या दिवसांत चहाचे पैसे घ्यायला नकार दिला.

शनिवारी मी वेलोड्रोमच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर होते. पुरुषांची शर्यत सुरू झाल्यावर १२५ वर्षांनी, २०२१ साली, बायकांना पहिल्यांदा रुबे मिळाली. त्या चिखलाच्या दिवशी इंग्लंडची लिझी डेग्नन ऐंशी किलोमीटर एकटीने पुढे राहिली. तळहात सोलून निघाल्याने हँडलच्या पट्टीवर रक्त लागलं होतं. तिला बक्षीस मिळालं १,५३५ युरो. पुरुषांच्या विजेत्याला ३०,००० होते. तो आकडा मला आजही अस्वस्थ करतो. २०२५च्या त्या शनिवारी पोलिन फेराँ-प्रेव्हो ही फ्रेंच मुलगी एकटीच आत आली तेव्हा अख्खं वेलोड्रोम उभं राहिलं. १९९७नंतर इथे फ्रेंच पुरुष जिंकलेला नव्हता. माझ्या पुढच्या पायरीवरचे बाबा रडत होते आणि त्यांनी डोळे पुसण्याची घाई केली नाही.

रविवारी व्हॅन डर पूल सलग तिसऱ्यांदा जिंकला. पोगाचार एका वळणावर पडला, उठला, दुसरा आला. विजेत्याला संगमरवराच्या पाटावर बसवलेला एक दगड देतात, त्याच रस्त्यांवरचा. नंतर लोकांच्या मागोमाग मी न्हाणीघराकडे गेले. आडोशाला नुसत्या सिमेंटच्या भिंती, ओढायला साखळी, प्रत्येक आडोशाला एकेका जुन्या विजेत्याच्या नावाची पितळी पट्टी. मर्क्स, दे व्लामिंक, इनो. बर्नार इनोला ही शर्यत मुळीच आवडत नसे. तो १९८१ साली आला, अनेकदा पडला, जिंकला, आणि तरीही मत बदललं नाही.

विजेत्याची मुलाखत संपून बराच वेळ झाला तरी मागची माणसं एकेकटी आत येत होती. तोंड धुळीने राखाडी, एकाची जर्सी खांद्यापासून फाटलेली. वेळेची मर्यादा उलटून गेल्यामुळे काहींची नावं निकालात लागणारही नव्हती. तरी प्रत्येकाला शेवटच्या फेरीची घंटा वाजत होती आणि लोक पायऱ्यांवर पाय आपटून दाद देत होते. गर्दीत तो इलेक्ट्रिशियन पुन्हा दिसला. यंदा एका तुकड्यातले बरेच दगड उखडलेत, हे त्याने दुपारीच पाहून ठेवलं होतं. पुढच्या शनिवारी चार-पाच जण फावडी घेऊन जाणार होते. मी अजून इकडेच असेन म्हटल्यावर त्याने जागा सांगितली, आणि जाड हातमोजे घेऊन ये म्हणाला.